रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस थकलेला

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की त्या रुग्णाची फाइल दर महिन्याला जाड होत जाते. त्याला धरून आणणाऱ्या सुनेची, मुलीची, बायकोची किंवा नवऱ्याची फाइल मात्र बहुधा नसतेच. सासऱ्यांचं बीपी पाहून झालं, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता सूनबाई हळूच विचारतात, "डॉक्टर, मला हल्ली सारखी सर्दी होते, हातावरचा चटका लवकर भरत नाही, अंग मोडून येतं. टेन्शनचं कॉर्टिसॉल तपासलं, तेही नॉर्मल आलं. मग हे काय आहे?" असं विचारणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात, पुरुषही भेटतात. आजचा सल्ला त्यांच्यासाठी आहे.

कॉर्टिसॉल नॉर्मल आलं म्हणून ताण शरीराला बाधलेला नाही, असं समजू नका. त्याचं कारण नीट कळावं म्हणून थोडं पेशींच्या आत डोकावू या.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. यकृताच्या पेशीत त्यांतली काही चालू असतात, मेंदूच्या पेशीत दुसरी काही. जनुक चालू झालं म्हणजे त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. या नकला मोजता येतात. कोविडमध्ये आरटी-पीसीआर हा शब्द घरोघरी पोचला. तेव्हा आपण नाकातल्या स्रावात विषाणूचा आरएनए शोधत होतो. त्याच तंत्रानं आपल्या स्वतःच्या पेशींतला आरएनएही मोजतात. जनुकं जन्मभर तीच राहतात, पण त्यांच्या नकला झोपेनं, तापानं, जेवणानं, भीतीनं कमीजास्त होत असतात.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते पेशीत शिरून तिथल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन डीएनएवर बसते. मग यकृतात साखर तयार करायला लागणारी जनुकं जोर धरतात आणि दाह वाढवणारी जनुकं दबतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं याच वाटेनं सूज उतरवतात. म्हणजे कॉर्टिसॉल हा काही शत्रू नाही. चार दिवसांच्या धावपळीत तेच आपल्याला सांभाळतं.

वर्षानुवर्षांच्या ताणात मात्र गणित बिघडतं. तेव्हा कॅनडात व्हँकूव्हरला काम करणारे ग्रेगरी मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णाची घरी सेवा करणारे ११ जण आणि असा ताण नसलेले १० जण त्यांनी घेतले. दोन्ही गटांत कॉर्टिसॉल साधारण सारखंच होतं. पण रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमधला आरएनए पाहिला, तेव्हा चित्र वेगळं निघालं. सेवा करणाऱ्यांमध्ये कॉर्टिसॉलच्या हुकमानं चालणाऱ्या जनुकांच्या नकला कमी होत्या आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांच्या जास्त. दाह दाखवणारं सीआरपीही त्यांच्यात जास्त होतं. दारावरची बेल तेवढ्याच जोरात वाजत होती, पण आत कुणी उठून येत नव्हतं. आपली नेहमीची तपासणी फक्त बेलचा आवाज मोजते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो.

अभ्यास लहान आहे. त्यावरून अमुक एका बाईला पुढे काय होईल, हे सांगता येत नाही आणि कुणी सांगू नये. पण सेवा करणाऱ्यांचं शरीर खरोखर वेगळं वागतं, हे इतर कामांतूनही दिसलं आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, अशा लोकांत फ्लूच्या लसीनंतर प्रतिपिंडंही कमी तयार होतात, असं त्यांनी दाखवलं. तेव्हा सूनबाईंचा चटक्याचा प्रश्न साधा नव्हता.

दम्याच्या मुलांच्या आईवडिलांनी पुढचं जरूर वाचावं. मिलर आणि एडिथ चेन यांनी २००६ मध्ये दमा असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. ज्यांच्या घरी आधीच दीर्घकाळचा ताण होता आणि त्यावर नुकताच एखादा आघात झाला होता, अशा मुलांत कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरचा आरएनए इतर दमेकरी मुलांपेक्षा ५.५ पटींनी कमी होता. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या बीटा-२ रिसेप्टरचा तर ९.५ पटींनी. बुडेसोनाइडचा रोजचा पंप पहिल्या रिसेप्टरवर काम करतो आणि धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप दुसऱ्यावर. पंप चालत नाही असं वाटलं, तर आधी मूल तो स्पेसर लावून नीट ओढतं का, ते पाहा. ते बरोबर असेल तर घरातलं भांडण, कुणाचं आजारपण, शाळेतला त्रास, जे असेल ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पण "हे टेन्शनचं आहे" म्हणून पंप बंद करण्याची चूक करू नका. त्यानं मुलाच्या जिवाशी खेळ होतो.

आता एक गोष्ट ठामपणे सांगते. थुंकीचा नमुना घेऊन "तुमचं स्ट्रेस जीन कोणतं" ते सांगणारी पॅकेजं विकली जातात. त्यात जनुकांची जन्मजात रचना वाचतात. आज तुमच्या पेशीत कोणतं जनुक किती चालू आहे, हे त्यातून कळत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये गाठीतल्या २१ जनुकांच्या आरएनएवरून केमोथेरपीचा उपयोग होईल का ते ठरवतात, आणि त्या तपासणीला भक्कम आधार आहे. रोजच्या ताणासाठी तशी कुठलीही तपासणी आज दवाखान्यात वापरायच्या लायकीची नाही. ते पैसे रात्रीच्या मावशींसाठी ठेवा.

कारण सेवा करणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान रात्री होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर पाहायचा, चादर ओली झाली तर बदलायची, कॅथेटरची पिशवी रिकामी करायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक येते. इंग्लंडमधल्या सरी विद्यापीठानं २०१३ मध्ये २६ निरोगी माणसांना आठवडाभर रात्री जेमतेम सहा तासच झोपू दिलं, तर रक्तातल्या ७११ जनुकांच्या कामात फरक पडला. तोही फक्त एका आठवड्यात. म्हणून आठवड्यातल्या काही रात्री तरी दुसऱ्या कुणी जागायचंच, असं घरात ठरवून घ्या, आणि त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. एअर बेड घेतलात तरी कूस बदलावी लागतेच, पण पाठीवर जखमा होण्याचा धोका कमी होतो. रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्या बदलानंही रात्रीच्या दोन-तीन खेपा वाचलेल्या मी पाहिल्या आहेत. पुण्यातला किंवा परदेशातला भाऊ रोज फोनवर सूचना देत असेल, तर त्यानं महिन्यातले चार दिवस येऊन राहावं, नाहीतर रात्रीच्या माणसाचा पगार द्यावा. हे सुनेनं मागायचं नसतं, त्यानं स्वतःहून करायचं असतं.

थकवा म्हणजे ताणच, असंही धरून चालू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि बीपी एकदा पाहून घ्या. यातलं काही सापडलं तर ते औषधानं सुधारतं. जखम भरत नसेल तर साखर तपासायलाच हवी. फ्लूची लस रुग्णाला देता तेव्हा स्वतःही घ्या. प्रतिपिंडं थोडी कमी आली तरी लसीचा उपयोग होतो. अंगदुखीवर शेजाऱ्यांनी दिलेली किंवा दुकानातून आणलेली स्टेरॉइडची गोळी घेऊ नका. आधीच महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आम्हाला येऊन दाखवा. ती हळूहळू उतरवावी लागते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन कधीही करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झालं आहे असा विचार एकदा जरी आला, किंवा रुग्णाला आपल्या हातून इजा होईल अशी भीती वाटली, तर त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.