झाडाभोवती जांभ्याचा पार: खर्च किती, पैसे कुठे घालावेत

पाळी सुटलेल्या कामगाराला गाडी येईपर्यंत टेकायला सावली लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शेजारच्या वाड्यांत अशी जागा करायची म्हटली की आधी तयार सिमेंटचा बाक डोळ्यांसमोर येतो. चार-सहा हजारांत मिळतो आणि टेम्पोतून उतरवला की काम संपते. पण तो कुठेही ठेवला तरी सारखाच. एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या घेराप्रमाणे, इथल्याच जांभ्यात बांधलेला पार त्या झाडाचा होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. उरलेल्या झाडांखाली माणसे बसती राहिली, तर त्या झाडांना राखणदार मिळतील असे मला मनापासून वाटते.

आधी झाडाचे बघा. आपण पार बांधतो म्हणजे बहुधा बुंध्याला खेटून भिंत घालतो, आत माती भरतो आणि वर सिमेंटचा कोबा करतो. वड-पिंपळ हे सोसतात, आंब्याला ते फार जड जाते. बुंध्याची साल मातीत गाडली की कुजते आणि मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले, ते याचसाठी. म्हणून आत भराव नको. झाडाची जमीन आहे तशी मोकळी ठेवायची आणि तिच्याबाहेरून फक्त बैठकीचे कडे फिरवायचे.

आता हिशेब. झाडाच्या मध्यापासून पाच फुटांवर आतली कड आणि दीड फूट रुंदीची बैठक धरा. मधल्या रेषेवर घेर सुमारे ३६ फूट भरतो. त्यातले सहा फूट मोकळे सोडा. तिथून पाणी वाहून जाईल आणि पालापाचोळा झाडता येईल. राहिले ३० फूट. जांभ्याचा चिरा १५ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच जाड धरला तर दोन चिरे शेजारी लावून एका थराला ४८ लागतात. तीन थरांचे १४४ झाले. गोलाईसाठी तासताना फुटतात, म्हणून १६० मागवा. खालचा थर पाचेक इंच जमिनीत गेला की बसायला साधारण १७ इंच उंची मिळते. चर याहून खोल खणू नका. जाड मूळ आडवे आलेच तर ते तोडण्यापेक्षा तिथे चिऱ्याला खाच पाडा.

पोच चिरा ४० ते ६० रुपये धरला तर ६,४०० ते ९,६०० रुपये होतात. सिमेंट आणि वाळूचे ४,५०० ते ५,५००. एक गवंडी आणि दोन मदतनीस यांची पाच दिवसांची मजुरी ११,००० ते १३,०००. वर दहा टक्के किरकोळ खर्च. एकूण २४ ते ३१ हजार. हा अंदाज आहे. भाव खाणीच्या अंतराप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे हलतो, तेव्हा आपल्या गावचा दर घालून पुन्हा बेरीज करा.

यातली मजुरी जास्त वाटेल, पण काटछाट तिथे करू नका. बुंध्याला दोरी बांधून गवंडी चुन्याने गोल आखतो, मग प्रत्येक चिऱ्याची आतली बाजू किंचित निमुळती तासतो. हे नीट झाले की सांधे बारीक येतात. अंगावर काम दिले तर सरळ चिरे लावून मधल्या फटी सिमेंटने भरल्या जातात. म्हणून हे काम रोजावर द्या आणि पहिले पाच-सहा चिरे लागेपर्यंत तिथे उभे राहा.

चिरा घेताना हातोडीने वाजवून बघा. खणखणीत आवाज हवा, पिवळट मातीचे पट्टे असलेला बाजूला काढा. गौण खनिजाचा वाहतूक परवाना गाडीवाल्याकडे आहे ना, तेही विचारा. खाणीतून नुकता निघालेला जांभा मऊ असतो, ऊन-वारा लागला की कडक होतो, त्यामुळे आकार द्यायचा तो लगेच. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तीही याच दगडातली. पारावर एखादे शिल्प हवे असेल तर सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमध्ये चौकशी करा. मानधन वेगळे पडेल. नक्षी टेकायच्या जागी नको, बाहेरच्या उभ्या बाजूला घ्या.

बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधल्या गौदीच्या नागमोडी बाकाला पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली आहेत. आपल्या पावसात तर पाण्याचा विचार आधी. बैठकीला बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार द्या. ऑइलपेंट लावू नका, ओल आत अडकते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याआधी उरका आणि किमान आठवडाभर पाणी मारा.

सार्वजनिक जागेसाठी ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, वसाहतीच्या हद्दीत एमआयडीसीची. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण त्यात बसते. त्यांच्याकडे करायच्या अर्जाला झाडाचा फोटो, आखणी आणि वरचा हिशेब जोडा. त्यातच दरवर्षीच्या डागडुजीची तरतूद मागून ठेवा. पावसानंतर शेवाळ घासायला आणि सुटलेले सांधे भरायला एक माणूस एक दिवस लागतो, म्हणजे हजार-दीड हजार रुपये.