मागच्या चाकाविषयी

चि. माधव यास काकांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. परवा तुझा आतेभाऊ येऊन जी हकीकत सांगून गेला, की तू आबांच्या सीजे-थ्रीबी जीपला मूळच्या 6.00-16 टायरांच्या जागी 31 इंची धिप्पाड टायर चढवले आहेस, मागचा एक्सल मात्र होता तसाच ठेवून ऐन पावसाळ्यात वरंध घाटाकडे चिखल तुडवायला निघाला आहेस, ती ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

तो एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, हे तुला का ठाऊक नाही? गाडीचा भार आणि इंजिनाची ओढ एकाच शाफ्टच्या माथी, आणि हब त्याच्या निमुळत्या टोकावर एक चावी व एक नट यांच्या भरवशावर बसलेला. टायरचा घेर वाढला की चढावर त्या शाफ्टला पीळ अधिक बसणार, आणि तो बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक ड्रमसकट निखळून गाडीच्या आधी दरी गाठणार. युद्धातल्या मूळ विलिज जीपला मागे फुल-फ्लोटिंग एक्सल होता. त्यात भार हाऊसिंगवरच्या हबने वाहायचा, शाफ्टने नुसते फिरायचे, तो तुटला तरी चाक जागेवर. मुलकी जीपमधून ती व्यवस्था गेली, याचा मला आजही राग येतो. तीच परत बसवून घे. आरटीओच्या मंजुरीचेही आधी पाहा.

हँडब्रेक आहे, अशी मखलाशी करू नकोस. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे आहे. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल मोकळे फिरते, आणि पुढच्या चाकांचा गियर लावलेला नसेल तर ओढलेला ब्रेक निरर्थक. म्हणून एक्सल बदललास तरी चाकामागे दगड लावण्यात हयगय नको. पुन्हा चाकावरच आलो. काय करू, डोळ्यांपुढून ते हलत नाही.

आबा दर पावसाळ्याआधी हब ओढून काढीत, टेपर कोरडा पुसून चावीची खाच नखाने चाचपीत, आणि मला हाका मारीत. मी ओसरीवर कादंबरीत डोके घालून बसलेला. पुढे सारे पुस्तकांतून कळले, पण त्यांच्या हाताखाली शिकायचे राहिले ते राहिलेच.

रागाच्या भरात अधिकउणे लिहिले असेल, मनाला लावून घेऊ नकोस. जीप तुझी आहे, खुशाल चिखलात लोळव. आबांना ते आवडलेच असते. सोबत चेक धाडला आहे, तो एक्सलसाठी. काकूला यातले काही कळू दिलेले नाही. तिने तुझ्यासाठी लसणीची चटणी कुटून ठेवली आहे. आणि हब खोलशील त्या दिवशी मलाही बोलाव. मध्ये बोलणार नाही, नुसती बॅटरी धरून उभा राहीन.

तुझा,
काका