भाजलेला पाव, पनीर आणि पेराद



गेल्या स्नेहसंमेलनातील खाद्यजत्रेत मुलांनी पावावर पनीर व फळांच्या फोडी ठेवून एक पदार्थ केला होता. सकाळी दहालाच सर्व मांडून झाले. दुपारी पाहुणे आले तोवर पाव लिबलिबीत झाले होते. निम्मे फेकून द्यावे लागले. चूक मुलांची नव्हती. लवकर मांडा, असे मीच सांगितले होते. शिवाय चीजची वर्गणी परवडेना म्हणून काही मुले गटाबाहेर राहिली. त्यातल्या काहींच्या घरी दुभती म्हैस आहे, हे मला नंतर कळले. म्हणून यंदा हा धडा.

आपल्या पिरनवाडीहून जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्यात उतरले, की नाताळात घरोघरी पेरूची वडी मिळते. तिला तिथे 'पेराद' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपला 'पाव'ही तसाच. मी हिंदी माध्यमात शिकलो, तिथे पेरूला अमरूद म्हणत. नाव बदलले तरी गोडी तीच!

साहित्य : दूध १ लिटर, लिंबे २, पिकलेले पेरू अर्धा किलो, साखर, पाव ८, मीठ, मिरपूड, थोडे तूप.

कृती

१) पेराद आदल्या दिवशी करावी. पेरू शिजवून चाळणीतून गाळावेत, म्हणजे बिया निघतील. जेवढा गर तेवढीच साखर घालून मंद आचेवर ढवळत राहावे. गोळा कडा सोडू लागला की अर्ध्या लिंबाचा रस घालावा व तूप लावलेल्या ताटात थापावा. गार झाल्यावर वड्या पाडाव्यात. उकळता गर अंगावर उडतो, म्हणून हे काम मोठ्यांसमोरच करावे.

२) दूध उकळून आच बंद करावी. फाटेपर्यंत थोडा थोडा लिंबाचा रस घालावा. फडक्यात बांधून पाणी निथळू द्यावे. खाली उरलेल्या निवळीत कणीक मळावी, फेकू नये. पनीरमध्ये मीठ व मिरपूड मिसळावी.

३) पावाचे काप तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस भाजावेत. त्यावर पनीर, वर पेरादची पातळ चकती. हे मात्र पाहुणे बसल्यावरच रचावे.

असे का होते?

लिंबाच्या आंबटपणाने दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येते व पाणी वेगळे होते. पेरादमधील साखर पाणी धरून ठेवते. जंतूंना वाढायला पाणी उरत नाही, म्हणून वडी टिकते. ताज्या फोडींचे पाणी मात्र पावात झिरपते. पाणी १०० अंशांवर उकळते, म्हणून उकडलेला पदार्थ तांबूस होत नाही. तव्यावर पावाचा वरचा थर सुकतो, त्याहून जास्त तापतो आणि प्रथिने व साखर मिळून रंग व खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली ही क्रिया सांगितली. हा सुका थर पनीरचा ओलावा काही वेळ अडवतो, तासन्‌तास नाही.

गृहपाठ : एक पाव भाजून व एक न भाजता त्यावर पनीर ठेवा. दर दहा मिनिटांनी पाहून नोंद वहीत करा.

पालकांना विनंती, यंदा वर्गणी नको. कुणी तांब्याभर दूध द्यावे, कुणी परसातले चार पेरू. एकही मूल गटाबाहेर राहू नये, आणि एकही पाव फेकावा लागू नये.

आपला,
मुख्याध्यापक