खड्यांच्या घरातील उंदीर

मुलांनो, उंदीर म्हटला की कणगीतील धान्य फस्त करणारा उपद्रवी प्राणी तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सर्वच उंदीर माणसाच्या घरात राहत नाहीत. आपल्या दख्खनच्या मुरमाड माळावर एक चिमुकला रानउंदीर राहतो. त्याचे घर मोठे नवलाचे आहे.

शेपूट वगळता हा उंदीर सुमारे दहा सेंटिमीटर लांब असतो. त्याची पाठ तपकिरी व पोट पांढरे असते. पाठीवरचे केस चपटे आणि काट्यांसारखे राठ असतात. कर्नल साइक्स यांनी दख्खनमधून नेलेल्या नमुन्यांवरून बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने १८३२ साली त्याला ‘मस प्लॅटिथ्रिक्स’ म्हणजेच ‘चपट्या केसांचा उंदीर’ असे नाव दिले.

नाव मिळाले, पण त्याचा संसार कसा असतो? त्याचे वर्णन वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने १८३९ साली दक्षिण मराठा मुलखातील प्राण्यांच्या यादीत केले. हा उंदीर तांबड्या मुरमाड जमिनीत, बहुधा एखाद्या उंचवट्याच्या कडेला बीळ खणतो. आत शिरल्यावर तो बिळाचे तोंड बारीक खड्यांनी बंद करतो. आतल्या दालनातही खड्यांचीच बैठक असते. पोटावरील दाट केसांमुळे त्या खड्यांचा गारठा त्याला बाधत नाही. रात्र झाली की तो बाहेर पडतो.

बिळाबाहेरही खड्यांचा लहानसा ढीग असतो. गंमत अशी, की ज्या खड्यांनी तो दार लावून घेतो, तेच खडे जाणत्याला त्याचा पत्ता सांगतात!

असे जाणते होते वडार लोक. दगडमातीत राबणाऱ्या त्या कष्टाळू माणसांनी या उंदराला आपल्या बोलीत नाव दिले होते. त्या नावावरूनच पुढे ‘लेग्गाडा’ हा शब्द प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत गेला. शाळेची पायरी न चढलेल्यांचे निरीक्षणही शास्त्राला उपयोगी पडते, ते असे.

आज कुपवाडच्या परिसरात कारखान्यांची वसाहत उभी आहे. उद्योगधंदे हवेतच, परंतु उरलेल्या माळाला ‘ओसाड’ म्हणण्यापूर्वी क्षणभर खाली वाकून पाहा. खड्यांचा ढीग दिसला, तर तो विसकटू नका. ते कोणाचे तरी दार असेल.

शब्दार्थ : कणगी – धान्य साठविण्याची मोठी टोपली; मुरमाड – मुरूम असलेली; दालन – खोली.

स्वाध्याय
१. हा उंदीर खड्यांचा उपयोग कसकसा करतो?
२. वडारांच्या निरीक्षणाचा शास्त्राला कोणता लाभ झाला?
३. आपल्या गावच्या माळावरील एका प्राण्याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.