व्हिडिओ दाखव, पण आधी वर्गाकडे बघ

नांदेड

चि. बाळास,


परवा लातूरहून तुझी मामी आली होती. बोलता बोलता म्हणाली, औशाला तू आठवीच्या वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा कुठलासा व्हिडिओ लावलास आणि मधल्या सुट्टीत पोरांनी शेवटच्या बाकावरच्या मुसलमान लेकराला 'रझाकार', म्हणजे निजामाचा हस्तक, म्हणून चिडवलं. लेकरानं डबा तसाच घरी नेला. तेव्हापासून मला चैन नाही.

व्हिडिओ दाखवूच नको, असं मी म्हणत नाही. धडा नुसता वाचला की पोरं पेंगतात. पण तो कुणी केला, त्यातलं खरं किती आणि सिनेमातलं किती, हे आधी बघितलंस का? रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, हे त्यात आलंच असेल. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान आले का? रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे त्या लेकराच्या वर्गात कुणी सांगायचं? तूच ना, बाबा!

विश्वकोश, गॅझेटियर आता मोबाइलवर मिळतात. निजामी राजवटीचा नकाशा लाव, त्यात पोरांना औसा शोधू दे. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे कसे हुतात्मा झाले, ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक का लुटली, हे त्यांनाच हुडकायला लाव. दोन ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय वहीत उतरू देऊ नको.

आपले आबा मुक्तिसंग्रामात उमरखेडच्या कॅम्पात होते. ओट्यावर बसून सांगायचे, मी मात्र पेपर तपासत 'हूं हूं' करायची. एक ओळ लिहून ठेवली नाही. आबा गेले, ती सल जात नाही. तुझ्या खिशातल्या मोबाइलात आवाज टिपता येतो. पोरांना म्हाताऱ्या माणसांकडे पाठव, त्या लेकराच्या आजीकडेही पाठव. तिनंही तो काळ घरात ऐकला असेल.

रागावले, मनाला लावून घेऊ नको. रात्र रात्र जागून पोरांसाठी काही शोधणारा मास्तर आपल्या घरात आहे, याचा मला फार अभिमान आहे. बोलून दाखवत नाही, एवढंच. म्हणून तर त्या लेकराची काळजी तुझ्यावर सोपवते आहे.

वेळेवर जेवत जा. दिवाळीला चार दिवस ये. माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, पण ये.

तुझी,
मावशी