भिंतीकडचं झाड

पोरी, मंगळवार पेठेतलं परडं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती आणि मधे चार फूट रुंदीचा वाफा. तेव्हा रोपवाटिकेत जाशील तर मागच्या ओळीचं झाड फुलावर भाळून घेऊ नकोस, पानं बघून घे. फुलं महिना-दोन महिने, उरलेलं वर्ष पानंच दिसतात. आणि पुढचा झेंडू खुलतो तो मागच्या गर्द हिरव्या पानांवर. लाल पानांच्या कर्दळीपुढं तांबडा झेंडू लावलास तर तो दिसणारच नाही.

मी या घरात आले त्या वर्षी हौसेनं मागं रातराणी लावली. दोन पावसाळ्यांत ती माझ्या डोक्यावर गेली, फांद्या वाफ्यावर लोळायला लागल्या. पुढची शेवंती उजेडासाठी नुसती लांबत गेली, कळी म्हणून धरली नाही. तेव्हापासून माझं माप एकच: एवढ्याशा वाफ्याला मागचं झाड कमरेच्या वर, पण आपल्या डोक्याच्या खाली.

जागा मात्र मे महिन्यात ठरवू नकोस. आपल्या कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. बघणाऱ्याला वाटतं, कुठंही लावलं तरी चालेल. शेवंती, अस्टर फुलायच्या ते थंडीत, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून उंच झाड उत्तरेच्या भिंतीकडं. भिंतीपासून हातभर जागा सोड. सुकलेली फुलं काढायला माणूस मागं शिरला पाहिजे, आणि भिंतीलाही ओल धरत नाही.

ऊन भरपूर असेल तर कर्दळ. तिची बी गोळीसारखी टणक, उगवायला वेळ लावते. सरळ कंद लाव. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत काप, शेजारून नवा येतो. सावली आणि ओल असेल, न्हाणीचं पाणी जवळून जात असेल, तर सोनटक्का. माझं मन त्यालाच. संध्याकाळी त्याची पांढरी फुलं उमलली की सोप्यापर्यंत वास येतो. वळवाच्या वाऱ्यात मात्र उंच दांडे मोडतात, दोन बांबू रोवून सैल सुतळी बांध.

कण्हेर नको. पिवळी नको, तांबडीही नको. दोन्हींचं पानफूल, बी, सगळं विषारी, आणि तुझं लेकरू अजून सापडेल ते तोंडात घालतंय.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कंद कुजतो. थोडी वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळ. दोन बोटं खोल, दीड फुटावर एक. मृगाच्या आधी पिशवी घेऊन ये, माझा सोनटक्का दाटलाय, त्यातलाच गड्डा फोडून देते.