पावसाळ्यात थांबलेले प्रभू



आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, किष्किंधाकांड, सर्ग २६ ते ३१.

काल आपण वालीवधापर्यंत आलो होतो. आज सुग्रीवाला राज्याभिषेक होतो. आपल्याला वाटतं, चला, आता सीतामाईचा शोध लगेच सुरू होणार. पण श्रीराम सुग्रीवाला सांगतात की श्रावण लागला आहे, पावसाचे चार महिने सुरू झाले, ही स्वारीची वेळ नव्हे. तू नगरात जा, कार्तिक आला की कामाला लागू. वनवासाचं व्रत असल्यामुळे ते स्वतः नगरात पाऊल ठेवत नाहीत. लक्ष्मणाला घेऊन प्रस्रवण पर्वतावरच्या गुहेत राहतात.

म्हणजे बघा, सीतेला कुणी नेलं ते कळलंय, मित्र मिळालाय, त्याचं सैन्यही मिळणार आहे. अडलाय तो फक्त रस्ता.

हे सर्ग मी पहिल्यांदा नीट वाचले ते २०२१ मध्ये, साताऱ्याला आईबाबांच्या घरी. तेव्हा आमचाही रस्ताच अडला होता. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी आम्ही अर्ज केला होता. जानेवारी २०२० मध्ये मेडिकल झालं, सप्टेंबरमध्ये मंजुरीचा कागद हातात आला. त्याला सगळे सीओपीआर म्हणतात. पण करोनामुळे कॅनडाने प्रवासावर निर्बंध घातले होते. ज्यांची मंजुरी १८ मार्च २०२० पर्यंतची, त्यांना सूट होती. नंतरच्यांनी, काही अपवाद सोडले तर, थांबायचं होतं. कागदाची मुदत सहसा मेडिकलपासून एक वर्षाची असते. म्हणजे आमचा कागद जानेवारी २०२१ मध्ये हातातल्या हातात संपला.

पुण्यातलं भाड्याचं घर सोडलं होतं, फ्रिज-वॉशिंग मशीन विकून झालं होतं, नवऱ्याने राजीनामा दिला होता. भरलेल्या बॅगा पलंगाखाली होत्या. आणि दूध आणायला गेलं तरी कुणीतरी विचारायचंच, "अजून गेला नाहीत?"

आता आजच्या वाचनातल्या तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट: प्रभूसुद्धा शांत नव्हते.

वाट पाहणं म्हणजे डोळे मिटून प्रसन्न बसणं, असं आपल्याला उगाच वाटतं. वाल्मीकींनी तसं लिहिलेलं नाही. २८व्या सर्गात पावसाचं फार सुंदर वर्णन आहे, पण ते रामांच्या तोंडचं आहे आणि त्यात सीतेची आठवण सारखी येते. ढगातली वीज पाहिली तरी त्यांना रावणाने धरलेली सीता दिसते. रात्री झोप लागत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. लक्ष्मण समजूत घालतो, तेव्हा ते ऐकतात आणि पुन्हा धीर धरतात.

म्हणून मंडळी, तुम्ही कशाची वाट पाहत असाल आणि रात्री रडू येत असेल, तर तुमची श्रद्धा कमी पडली असं समजू नका. धीर आणि अश्रू एकाच गुहेत राहू शकतात. फक्त जवळ एखादा लक्ष्मण असू द्या.

दुसरी गोष्ट: पाऊस वेगळा आणि सुग्रीव वेगळा.

चार महिने थांबवलं ते पावसाने. पावसावर रागावून उपयोग नाही, राम रागावतही नाहीत. पण शरद ऋतू आला, आकाश निवळलं, वाटा कोरड्या झाल्या, तरी सुग्रीवाकडून काहीच हालचाल दिसेना. तेव्हा मात्र राम गप्प बसत नाहीत. लक्ष्मणाला कडक निरोप देऊन पाठवतात. आणि लक्ष्मणाचा राग उसळलेला पाहून हेही सांगतात की आधी गोडीने बोल, मैत्री आठव.

हा फरक मला फार उपयोगी पडला. निर्बंध हा पाऊस होता. भारतातून थेट विमानं २२ एप्रिल २०२१ला बंद झाली आणि २७ सप्टेंबरला सुरू झाली, हाही पाऊसच. मधल्या काळात तिसऱ्या देशात जाऊन, तिथे टेस्ट करून लोक जात होते. आम्हाला तो खर्च झेपणारा नव्हता. तिथे सहन करणं हेच काम.

पण २१ जूनला वैध कागदवाल्यांना वाट मोकळी झाली आणि मग मुदत संपलेल्यांचीही पाळी यायला लागली, तेव्हा आमचे पासपोर्ट एका कार्यालयात अडकले. आमच्या बरोबरच्यांचे परत आले, आमचे नाहीत. इथे नुसतं "देवाची इच्छा" म्हणून बसणं बरोबर नव्हतं. तारखा आणि अर्ज क्रमांक लिहून, गोड भाषेत पण स्पष्ट, मेल पाठवली. उत्तर आलं की पाकीट दोन दिवसांपूर्वीच निघालंय.

गंमत म्हणजे रामायणातही तसंच आहे. २९वा सर्ग पुन्हा वाचा. लक्ष्मण येण्याआधीच हनुमंतांनी सुग्रीवाला वचनाची आठवण करून दिलेली असते, आणि पंधरा दिवसांत वानर गोळा करण्याचा हुकूम नीलाला दिलेला असतो. गुहेतल्या रामांना हे ठाऊक नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंडला जॉब चालू असतो, स्क्रीनवर आपल्याला फक्त फिरणारं चक्र दिसतं. म्हणून विचारावं जरूर, पण समोरचा झोपलाच आहे असं धरून विचारू नये.

तिसरी गोष्ट: थांबण्याचं कारण शोधत बसू नये.

एप्रिल २०२१ मध्ये बाबांना करोना झाला. ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं त्या रात्री बेड शोधायला मी आणि नवरा होतो. बाबा अकरा दिवसांनी घरी आले. नंतर सगळे म्हणाले, "बघ, म्हणूनच देवाने तुम्हाला थांबवलं." आईही अजून म्हणते.

मला तसं म्हणवत नाही. आमच्या ओळखीतला एक जण असाच सीओपीआर हातात घेऊन थांबला होता. त्याची आई त्याच महिन्यात गेली, तो उशाशी असताना. एकीची तिथली ठरलेली नोकरी वाट पाहता पाहता गेली. त्यांना देवाने कशासाठी थांबवलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

या सर्गांत रामांनाही कुणी सांगत नाही की हा पाऊस तुमच्या भल्यासाठी आहे. ना आकाशवाणी, ना कुणी ऋषी. राम एवढंच पाहतात की थांबलेल्या जागी आपलं काय काम आहे. व्रत पाळायचं, भावाला सांभाळायचं, मित्राला त्याचं राज्य सावरायला वेळ द्यायचा. कारण कळलं नाही तरी कर्तव्य कळतं. बाबांचं पथ्य, ऑफिसची कामं, संध्याकाळी आईबरोबर हरिपाठ, एवढं तर मला कळत होतं. पलंगाखालच्या बॅगांकडे पाहून वर्ष गेलं नाही, ते यामुळेच.

त्या दोन्ही वर्षी आषाढीला वारीची वाटही बंद होती. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकरी घरीच राहिले, पण घरात अभंग थांबले नाहीत.

आम्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालो. दिल्ली विमानतळावर ठरलेल्या प्रयोगशाळेत, उड्डाणाआधी १८ तासांच्या आत टेस्ट, आणि मग विमान. आज इथे कॅनडात बसून हे लिहिताना कुणीतरी कुठेतरी परवानगीच्या मेलची वाट पाहत आहे, त्यांच्यासाठी आजचं चिंतन.

आजचा प्रयत्न: एक कागद घ्या. ज्यासाठी थांबला आहात ते वर लिहा. खाली दोन रकाने करा, "पाऊस" आणि "सुग्रीव". सुग्रीवाच्या रकान्यातल्या एकाला आज शांतपणे आठवण करा. पावसाचा रकाना देवापुढे ठेवा. आणि उरलेल्या दिवसात घरातलं एक काम मनापासून करा.

प्रार्थना: प्रभू रामा, तूही थांबला होतास. कारण कळलं नाही तरी काम सुटू देऊ नकोस. रडू आलं तर जवळ कुणीतरी असू दे. आणि वाट मोकळी झाली की मागे राहिलेल्यांना विसरू देऊ नकोस.

उद्या सर्ग ३२ पासून, लक्ष्मण किष्किंधेच्या दारात.

राम कृष्ण हरी.